कोळशाचें पाणी आणि कार्बोलिकभक्षक जीव

कार्बोलिक साबणाचा उग्र वास आमच्या वडील वाचकांस आठवत असेल. त्या कार्बोलिकाचें शास्त्रीय नांव फिनॉल. १८३४ मध्यें रुंग या जर्मन रसायनज्ञानें तें दगडी कोळशाच्या डांबरांतून काढिलें. पुढें १८६५ मध्यें ग्लासगो येथें लिस्टर यांनीं जखमांवर वापरून जंतुघ्न म्हणून त्याचा लौकिक केला.

पोलादाच्या भट्टीस लागणारा कोक करण्यासाठीं कोळसा हवा लागूं न देतां सुमारें १००० अंशांवर भाजतात. निघणारा वायु पाण्याच्या फवाऱ्यानें निवविला म्हणजे जें पाणी उरतें, त्यांत हेंच फिनॉल, शिवाय अमोनिया, सायनाइड, थायोसायनेट व डांबर असतें. झरिया, बोकारो हीं स्थळें ज्या दामोदर नदीच्या खोऱ्यांत आहेत, तिच्या कांठीं खालीं माणसेंच राहतात. फिनॉल किंचित् जरी उरलें, तरी नळाच्या पाण्यांतील क्लोरिनशीं मिळून पाण्यास अशी घाण चव आणतें कीं घोट गिळवत नाहीं. आपल्याकडे अशा सांडपाण्यांत लिटरमागें फिनॉल १ व सायनाइड ०.२ मिलिग्रॅम एवढेंच चालतें. मुळांत फिनॉल शेंकडों मिलिग्रॅम असतें.

प्रथम डांबर बसवून काढितात. मग कॉस्टिक सोडा घालून वाफ सोडितात, म्हणजे बहुतेक अमोनिया उडून जातो. खरें नवल पुढेंच आहे. जें फिनॉल जंतूंस मारतें, तेंच बेतानें मिळाल्यास खाऊन जगणारे सूक्ष्म जीव आहेत. (त्यांस आम्ही जीवाणु म्हणतों; ‘जंतु’ शब्दावर आपल्या घरांत फार आळ आला आहे.) १९१४ मध्यें मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट यांनीं दाखविलेल्या रीतीनें हौदांत हवा फुंकून या जीवाणूंचा गाळ जोपासतात. ते थायोसायनेटही फोडतात, पण त्यांतून पुन्हां अमोनिया निपजतो! त्याचें नायट्रेट करणारे जीवाणु निराळे, मोठे नाजूक; हळू वाढतात, व फिनॉल वाढलें कीं काम टाकतात. नायट्रेटचें पाणी मागील बिनहवेच्या हौदांत फिरवितात; तेथें तिसरे जीवाणु फिनॉलच्याच शिदोरीवर त्याचा नत्रवायु करून सोडितात. शेवटचा रंग सक्रिय कोळशावर धरितां येतो.

हवा फुंकण्यास वीज लागते, आणि काटकसरीचा मोह होतो तो येथेंच. पंखे बंद ठेविले तरी हौद भरलेलाच दिसतो. पाहणाऱ्यास भेद कळत नाहीं. आंत मात्र नायट्रेट करणारे गुदमरतात, व त्यांची वस्ती पुन्हां बसण्यास आठवडे लागतात. भट्टी तोंवर थांबत नाहीं, पाणी येतच राहतें. कारखान्यांत शुद्धीकरणाची सोय आहे कीं नाहीं, एवढ्या चौकशीवर आमचें समाधान होत नाहीं. हौदांतील प्राणवायूची रोजची नोंदवही पाहावयास मागावी.