आग्रहाचा एक घास

घरी आलेल्या मेहमानाला तोंड गोड केल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत आहे. अलिबाग-रेवदंड्यापासून मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही घरात जा, चहाबरोबर बिस्किटे किंवा नानखटाई पुढे येतेच. नको म्हटले तर ‘आमच्या हातचे चालत नाही का?’ असा लाडिक रुसवाही येतो. या रीतीचा आम्हाला अभिमान आहे. पण याच आग्रहापुढे ज्यांची रोज परीक्षा होते, अशा काही माणसांविषयी या महिन्यात बोलायचे आहे. त्यांना गव्हाचा एक घासही चालत नाही. तो ‘नको’ नसतो, ‘चालत नाही’ असतो. हा फरक घरातल्यांना आणि नातलगांना कळला, तर त्यांचे अर्धे दुखणे हलके होईल.

आजार काय आहे?

या आजाराचे नाव सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती ताणली तरी चटकन तुटत नाही, ते याच्यामुळे. काही माणसांच्या शरीरात ग्लूटेन गेले, की शरीराची संरक्षण करणारी शक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातील सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात आणि मग पोटभर जेवूनही अंगाला काही लागत नाही.

याच्यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. गहू, जव, राय आयुष्यभर पूर्ण बंद, एवढाच इलाज. चांगली गोष्ट ही, की हा इलाज नीट पाळला तर आतडे हळूहळू भरून येते आणि माणूस ठणठणीत जगतो.

दोष गव्हात आहे हे कळायला मोठा काळ जावा लागला. विलेम डिक नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना 1930 नंतरच्या काळातच गव्हाच्या पावाचा संशय येऊ लागला होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिक यांनी 1950 साली आपला प्रबंध सादर केला आणि त्यानंतर जगभर याच पथ्याने उपचार होऊ लागले.

भात खाणाऱ्यांना कसा होईल?

1981 पर्यंत कुलाबा नावाने ओळखला जाणारा आपला रायगड जिल्हा म्हणजे भाताचे कोठार. आपली भाकरी तांदळाची, घावन तांदळाचे, सांदण तांदळाचे. मग हा पोळी खाणाऱ्यांचा आजार आपल्याकडे कुठून आला, असे लोक विचारतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत 23 हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले. उत्तर भारतात दर हजारी सुमारे 12 जणांच्या रक्तात या आजाराच्या खुणा आढळल्या, दक्षिणेत दर हजारी सुमारे एकाच्या. आजाराला अनुकूल असा आनुवंशिक कल दोन्हीकडे होता. मोठा फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज सुमारे 455 ग्रॅम गहू, तर दक्षिणेत फक्त 25 ग्रॅम.

यातून आपण घ्यायचा तो बोध असा, की भात खाणाऱ्याच्या अंगात हा कल नसतोच असे नाही. गहू कमी पोटात जातो म्हणून तो दबून राहू शकतो. आता आपले ताट बदलले आहे. रेशनवर गहू मिळू लागला, सकाळी पाव-बटर आले, शाळेच्या डब्यात चपाती आली. कुवेत, दुबई, सौदीला गेलेली आपली मुले तर दोन्ही वेळा खुबूस खातात.

ओळखायचे कसे?

जुलाब, पोट फुगणे, वजन घटणे ही लक्षणे सर्वांना समजतात. पण अनेकांना पोटाचा त्रास फारसा होतच नाही. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही रक्त वाढत नाही. मूल वयाच्या मानाने बुटके राहते. मुलीची पाळी उशिरा सुरू होते. तोंड वारंवार येते, हाडे ठिसूळ होतात, काहींना पुन्हा पुन्हा गर्भपात होतो. आपल्याकडे ‘बाईमाणसाला रक्त कमीच असते’ असे म्हणून विषय मिटवला जातो आणि त्याच आड हा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो.

आमच्या एका भाचीचे असेच झाले. दहावीपासून तिला चक्कर यायची, केस गळायचे. गोळ्या झाल्या, खजूर-बीट झाले, नजर उतरवून झाली. एकोणिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला सांगितली. ती सदोष आली. मग मुंबईला नेऊन दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला आणि नाव कळले.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. संशय आला म्हणून तपासणीच्या आधीच गहू बंद करू नये. गहू सोडला की रक्तातील खुणा ओसरतात, आतडे सुधारू लागते आणि आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. आधी डॉक्टर, मग तपासणी, मग पथ्य, हाच क्रम. घरात एकाला हा आजार निघाला, तर आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्यावी. हा कल रक्ताच्या नात्यात चालतो.

गव्हाबरोबर दूधही

आतड्याचे अस्तर झिजले की दुधातील साखर पचवणारा रसही कमी पडतो. त्यामुळे अनेक रुग्णांना सुरुवातीला दूधही सोसत नाही. आतडे भरून आल्यावर बहुतेकांना ते पुन्हा चालू लागते. काहींना वाटाणे, हरभरे, राजमा यांनी पोट फुगते.

अशा वेळी घाबरून एकेक पदार्थ ताटातून हद्दपार करत जाऊ नये. नाहीतर आजारापेक्षा उपासानेच माणूस खंगतो. एक वही करावी. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, ते लिहावे. एका वेळी एकच पदार्थ थोडे दिवस थांबवावा, मग थोडा खाऊन पाहावा, आणि ही वही डॉक्टरांना दाखवावी. मात्र ही युक्ती फक्त न सोसणाऱ्या पदार्थांसाठी. सीलिॲक असलेल्याने गहू ‘खाऊन पाहायचा’ नसतो. तसेच कोलंबी किंवा अंडे खाल्ल्यावर ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडतो, त्याची ॲलर्जी हा वेगळाच आणि तातडीचा विषय आहे. तिथे वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लपलेला गहू

चपाती, पाव, समोसा टाळणे सोपे आहे. कठीण आहे तो न दिसणारा गहू. सुरमई-बोंबील तळताना लावलेला रवा गव्हाचाच असतो. त्याऐवजी तांदळाचे पीठ लावावे. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. चायनीजच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. कबाब बांधायला पावाचा चुरा घालतात. हलीममध्ये तर गहू आणि जव दोन्ही. वेष्टनावर घटकांची यादी वाचण्याची सवय लावावी. आपल्या देशात ‘ग्लूटेन-मुक्त’ असे लिहायचे तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. अर्थ असा, की चिमूटभर पीठही फार झाले.

म्हणून गिरणीकडे लक्ष हवे. गव्हामागोमाग आपला तांदूळ दळला तर पात्यातला गहू आपल्या पिठात उतरतो. तांदूळ वेगळ्या गिरणीवर दळावा, नाहीतर दोन-चार घरांनी मिळून घरगुती चक्की घ्यावी. रुग्णासाठी तवा, चाळणी, पोळपाट-लाटणे वेगळे ठेवावे. ज्या तेलात समोसे तळले त्यात त्याचे मासे तळू नयेत.

बाकी आपल्या स्वयंपाकघरात काय नाही? भात, तांदळाची आणि नाचणीची भाकरी, ज्वारी, बाजरी, वरी, कुळीथ, मासे, मटण, अंडी, नारळ, कोकम. शहरात महागड्या ग्लूटेन-मुक्त पावासाठी लोक वणवण करतात. आपल्या किनाऱ्यावर औषध रोजच्या चुलीवरच शिजते.

रमजान आणि ईद

इफ्तारला खजूर, फळे, सरबत यांची चिंता नाही. भजी घरच्या, खात्रीच्या बेसनाची असावीत. एकाच थाळ्यात सगळे जेवत असतील, तर रुग्णासाठी आधी वेगळे वाढून ठेवावे, कारण रोटीचा चुरा रश्शात पडतोच. अशक्तपणा फार असेल तर रोज्याविषयी डॉक्टरांना आणि जाणकार आलिमांना विचारावे. कुरआनने सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सवलत दिली आहेच.

ईदचा शीरखुर्मा म्हणजे शेवया गव्हाच्या आणि वर दूध, दुहेरी अडचण. पण कोकणात तांदळाच्या शेवया नारळाच्या रसात गूळ घालून खाण्याची चाल जुनीच आहे. सगळ्या घरानेच ईदला त्याही केल्या, तर वेगळी वाटी घेऊन कोणी कोपऱ्यात बसणार नाही. जवापासून बनणारी तल्बीना आजाऱ्याच्या मनाला आराम देते, असे हदीसमध्ये आले आहे. त्यामुळे प्रेमाने ती आणून देणारे अनेक असतात. पण या आजारात जव चालत नाही, हे त्यांना नम्रपणे सांगावे. ज्याचा जो आजार, तसे त्याचे पथ्य.

रिश्ता जुळवताना

सगळ्यात नाजूक गोष्ट ही. मुलीला असा आजार आहे हे कळले तर रिश्ता मोडेल, या भीतीने आईबाप तो लपवतात. मग ती मुलगी सासरी पहिल्याच दिवशी सर्वांसोबत चपाती खाते, कारण नाही म्हणायला तोंड नसते. तिथून पुन्हा रक्त उतरते, मूल राहत नाही, आणि दोष तिलाच मिळतो.

आमच्या भाचीच्या वेळी घरात यावरून बरीच बोलाचाली झाली. शेवटी बोलणी पक्की होण्याआधीच सगळे सांगायचे ठरले. दोन ठिकाणांहून नकार आला, ते खरे आहे. तिसऱ्या घरच्या होणाऱ्या सासूबाई ऐकून म्हणाल्या, ‘आमच्याकडे भाकरीच असते. तवा तेवढा नवा आणू.’ आज ती मुलगी त्या घरात सुखाने नांदते आहे. तिचा तवा वेगळ्या खुंटीला असतो आणि त्याला दुसरे कोणी हात लावत नाही. नकार आला तो निकाहाआधी आला, हीही अल्लाहची मेहरबानीच म्हणायची.

नको म्हणणाऱ्याचा मान

एकदा पैगंबर (स.) यांच्यापुढे वाळवंटातल्या घोरपडीसारख्या प्राण्याचे भाजलेले मांस आले. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे का, असे विचारल्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितले. आपल्या लोकांच्या भूमीत ते नसते म्हणून मन होत नाही, एवढेच. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ते त्यांच्यासमोरच खाल्ले. ना वाढणाऱ्याचा अपमान झाला, ना खाणाऱ्याला टोकले गेले, ना न खाणाऱ्याला कोणी आग्रह केला. तिथे नुसते मन होत नाही एवढे कारण पुरले. इथे तर आजार आहे.

म्हणून आमच्या वाचक भगिनींना आणि बांधवांना विनंती, की मेहमान ‘चालत नाही’ म्हणाला तर ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य गिळून टाका. त्याऐवजी विचारा, ‘मग तुम्हाला काय चालते?’ केळे चालेल, शहाळे चालेल, उकडलेले अंडे चालेल. दावतीचे निमंत्रण देतानाच विचारून ठेवले तर आणखी उत्तम. आणि ज्यांना हा आजार आहे त्यांनीही संकोच सोडून आधीच सांगावे, प्रवासात आपला डबा बरोबर ठेवावा, परदेशी कामाला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या भाषेत करून न्यावी. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळणाऱ्याला साथ देणे, हीदेखील मेहमाननवाजीच आहे.