पावसात न टिकणारी छत्री

१/ घराच्या गच्चीवरील डिश अँटेनाला महाराष्ट्रात गावोगावी ‘छत्री’ म्हणतात. पावसाची पहिली जोरदार सर येताच जी निकामी होते, तिलाच हे नाव मिळावे, हा भाषेचा विनोद आहे. नागपुरात दर पावसाळ्यात एकच वाद रंगतो : वादळात भरवशाची कोण, डिश की केबल? हा वाद चुकीच्या प्रश्नावर उभा आहे. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर दोष आभाळाचा नाही हे दिसते. (धागा)

२/ आरंभ १ ऑगस्ट १९७५चा. त्या दिवशी ‘साइट’ प्रयोग सुरू झाला आणि एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. शेजारचे मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक होते. खेड्यातील अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची. लहर ८६० मेगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे ३५ सेंटीमीटर लांबीची.

३/ ही लांबी लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे प्रकरण तिच्यावर अवलंबून आहे. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा. ३५ सेंटीमीटरच्या लहरीला असा थेंब जाणवतही नाही. लहर आखूड होत जाते तसतसा थेंब तिची ऊर्जा अधिक शोषतो आणि इतस्ततः विखुरतो. भारतात उपग्रहाची दूरचित्रवाणी आली, तेव्हा ती पावसाला भीत नव्हती.

४/ ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला. त्याच्या एस-बँडची लहर सुमारे १२ सेंटीमीटरची. याच लहरीवर आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यासाठी चक्रीवादळाची इशारा-यंत्रणा उभारली गेली. हवामान खात्याने नेमक्या तालुक्याचा संकेत पाठवायचा. तेथील ग्राहक-यंत्र आपोआप जागे होऊन भोंगा वाजवी आणि मग स्थानिक भाषेत इशारा ऐकवी. तारा तुटल्या तरी यंत्र बोलत राहावे, हाच तिचा हेतू होता.

५/ नोव्हेंबर १९७७च्या चक्रीवादळात आंध्रच्या दिविसीमा भागात सुमारे दहा हजार माणसे मेली. मे १९९०मध्ये त्याच किनाऱ्यावर तितकेच भीषण वादळ आले. मृतांची संख्या हजाराच्या आत राहिली. सारे श्रेय या यंत्राचे नव्हे. लाखो लोकांना वेळेवर हलवले गेले, हे मुख्य. पण हलवण्यासाठी आधी कळावे लागते. वादळात टिकणारा निरोप या देशाला साधला होता, याचा हा पुरावा.

६/ पुढे बाजार आला. १९९१मध्ये स्टार आणि १९९२मध्ये झी या वाहिन्या सी-बँडवर, सुमारे साडेसात सेंटीमीटरच्या लहरीवर उतरल्या. त्यांच्यासाठी मोठी जाळीदार डिश लागे. ती परवडे केबलवाल्याला. तो ती गच्चीवर बसवी आणि मोहल्लाभर तार ओढी. म्हणजे केबलही मुळात उपग्रहच! जिला ‘डिशविरुद्ध केबल’ म्हणतात, ती लढाई खरे तर मोठी डिश आणि छोटी डिश यांच्यातील आहे.

७/ केबलच्या भरवशाचे रहस्य एवढेच. मोठी डिश आणि लांब लहर असल्याने मुसळधार पावसातही चित्र सहसा टिके. मात्र शेवटचा मैल विजेच्या खांबांवर लोंबकळत राहिला. मे महिन्यात नागपुरात अंधड सुटते, गुलमोहराच्या आणि कडुनिंबाच्या फांद्या मोडतात, तार तुटते, वीज कडाडली की बूस्टर जळतो. डिश सर ओसरताच आपोआप परत येते. केबल मात्र कुणीतरी शिडी घेऊन खांबावर चढेपर्यंत येत नाही.

८/ आता छत्रीचा जन्म. १९९७मध्ये केंद्र सरकारने कू-बँडवरील थेट ग्रहणावर बंदी घातली. २०००मध्ये ती उठवली. मधल्या काळात वाद झाला तो परकीय भांडवलाचा, संस्कृतीचा आणि सुरक्षिततेचा. २००३मध्ये डिश टीव्ही आणि डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस सुरू झाली. कू-बँडची लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची. पावसाळी देशात ती मोसमात कशी वागेल, हा प्रश्न राष्ट्रीय चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही.

९/ आखूड लहरीचा लाभ खरा आहे : साठ सेंटीमीटरची छत्री पुरते, ती स्वस्त पडते, गडचिरोलीच्या टोकालाही पोहोचते. तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण किंमतही सांगायला हवी होती. समजा सेवा वर्षाचे ९९.५ टक्के तास चालते. उरलेला अर्धा टक्का म्हणजे सुमारे ४४ तास. हे तास वर्षभर विखुरलेले नसतात; नेमके वादळाचेच असतात. ज्या तासांत बातमीची सर्वाधिक गरज, तेच तास वजा होतात.

१०/ ‘हवामानामुळे व्यत्यय’ हे पडद्यावरचे वाक्य म्हणून अर्धसत्य आहे. ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री सव्वादोन पट संकेत गोळा करते. शिवाय भूगोल नागपूरच्या बाजूचा : डीडी फ्री डिशचा उपग्रह येथून क्षितिजावर सुमारे ६० अंश उंच दिसतो, लंडनच्या डिशला तिचा उपग्रह जेमतेम २५ अंशांवर. त्यामुळे येथे लहरीला पावसातून कमी अंतर कापावे लागते. आपली सर अधिक जोराची असते, हे खरे. म्हणूनच छत्री मोठी हवी होती. व्यास ठरवला तो किमतीने.

११/ तुलना शहरातच उपलब्ध आहे. नागपूरच्या हवामान केंद्राचे डॉपलर रडार एस-बँडवर, सुमारे दहा सेंटीमीटरच्या लहरीवर चालते. ज्यांचे कामच वादळाच्या आरपार पाहण्याचे, त्यांनी लांब लहर निवडली. ज्यांचे काम मालिका विकण्याचे, त्यांनी आखूड. दोघांनीही आपापल्या हेतूला साजेशी निवड केली. फसवणूक झाली ती दुसऱ्याला पहिल्याचे काम सोपवले तेव्हा.

१२/ ३१ मार्च २०१३ या मुदतीने नागपूरच्या केबलचे डिजिटलीकरण ठरले. चित्र स्वच्छ झाले, पण एक सोय गेली. जुन्या अ‍ॅनालॉग काळात संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, तरीही निवेदकाचा आवाज ऐकू येई. डिजिटलमध्ये मधली अवस्था जवळजवळ नाही : क्षणभर चौकोन, मग काळोख.

१३/ आणि मग २३ सप्टेंबर २०२३ची पहाट. सुमारे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, चार जीव गेले, हजारो घरांत चिखल भरला. अनेक भागांत वीज बंद. अशा घरात डिश की केबल, या प्रश्नाला अर्थ उरत नाही. दोन्ही एकाच प्लगला टांगलेल्या असतात. सीताबर्डीपासून अंबाझरी ले-आउटपर्यंत लोकांना बातमी दिली ती दारातून आत आलेल्या पाण्याने.

१४/ याच शहरात दुसरी परंपरा होती. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८चे. १८ मे १९८८पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या एक मेगावॉट प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर, रात्रभर चाले. लहर १९१ मीटर लांब. वीज चमकली की खरखर होई, पण पाऊस तिला अडवू शकत नसे. घरात दोन सेल पुरत. ती नागपूरची स्थानिक बातमी देत नसे, हे मान्य. पण मध्यरात्री जागा असलेला, वादळात ऐकू येणारा एक आवाज होता. २०१९च्या आरंभी ती वाहिनी काटकसरीच्या नावाखाली बंद झाली.

१५/ ‘आता मोबाइल आहे,’ हे उत्तर तयार असते. २०२३मध्येच देशभर मोबाइलवर आपत्ती-इशाऱ्यांच्या चाचण्या झाल्या. पाऊल योग्य होते. पण मनोऱ्याची बॅटरी काही तासांची आणि फोनचे चार्जिंग त्याच प्लगवरचे. एका तारेवरचा भरवसा दुसऱ्या तारेवर हलवणे म्हणजे तयारी नव्हे.

१६/ ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला. मालक जनता असेल, तर मागण्या साध्या आहेत. पावसाचे किती तास सेवा बंद राहील, हे करारात छापावे. जोरदार सरींच्या जिल्ह्यांत मोठी छत्री द्यावी. केबलच्या नोडला ठरावीक तासांची बॅटरी सक्तीची करावी. इशाऱ्याच्या रात्री आकाशवाणी नागपूरने पहाटेपर्यंत जागे राहून वस्तीनिहाय सूचना द्याव्यात. नाग नदीकाठी भोंगे बसवावेत. आंध्रच्या किनाऱ्यावर ते १९८०च्या दशकात जमले होते.

१७/ पस्तीस सेंटीमीटरवरून अडीचवर येताना या देशाने करमणूक मिळवली आणि इशारा गमावला. डिश घ्यावी की केबल, हा ग्राहकाचा प्रश्न आहे. तो ज्याने त्याने सोडवावा. वादळी रात्री दोन वाजता अंबाझरीखालच्या घराला कोण उठवणार, हा नागरिकाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला शासन बांधील आहे.