विश्लेषण : दहा रुपयांच्या वाय-फायचा हिशेब नेमका ठेवतो कोण?

मोबाइलचा डेटा संपलाय, समोरच्या चहाच्या दुकानावर ‘वाय-फाय मिळेल’ अशी पाटी आहे. दहा रुपये द्यायला हरकत नसते. पण नंबर कोणाकडे गेला, पैसे भरूनही नेट चालले नाही तर दाद कोणाकडे मागायची? सार्वजनिक वाय-फायचे यश राउटरपेक्षा या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

ओटीपी का मागतात?

सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवणे आणि वापराची नोंद ठेवणे भारतात बंधनकारक आहे. त्यासाठी सर्वात रूढ मार्ग म्हणजे मोबाइल नंबर आणि ओटीपी. वाय-फायला जोडताच लॉगिनचे पान उघडते, ओटीपी टाकला की मागचा सर्व्हर परवानगी देतो. हे काम बहुतेक ठिकाणी ‘रेडियस’ ही जुनी, भरवशाची पद्धत करते. हा ग्राहक कोण, त्याला किती परवानगी, त्याने किती वापरले, अशा तिन्ही नोंदी ती ठेवते.

अडचण अशी, की जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे ओटीपीही येत नाही. आणि वाय-फायची खरी गरज नेमकी तिथेच असते.

‘पीएम-वाणी’त वेगळे काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी या योजनेला मंजुरी दिली. त्यात कामे वाटून दिली आहेत :

• दुकानदार (पीडीओ) : फक्त जोडणी पुरवतो. त्याला परवाना, शुल्क किंवा नोंदणी लागत नाही.
• पीडीओए : अनेक दुकानदारांसाठी परवानगी आणि हिशेब सांभाळतो.
• अ‍ॅप कंपनी : ग्राहकाची एकदाच नोंदणी करते आणि जवळचे हॉटस्पॉट दाखवते.
• केंद्रीय नोंदवही : या सर्वांची यादी. ती सी-डॉट सांभाळते.

ग्राहक जोडला गेला की अ‍ॅप कंपनी डिजिटल सही करून त्याची ओळख पुढे पाठवते आणि पीडीओए ती सही तपासतो. त्यामुळे प्रत्येक दुकानात नव्याने ओटीपी लागत नाही आणि दुकानदाराला वहीत नंबर उतरवून घ्यावा लागत नाही. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही बाब आणखी महत्त्वाची ठरते.

पैसे कशाचे, वेळेचे की डेटाचे?

इथेच ग्राहक फसतो. वेळेवर आकारणी असेल आणि ग्राहक लॉगआउट न करता निघून गेला, तर मीटर चालूच राहू शकते. म्हणून काही मिनिटे वापर नसल्यास जोडणी आपोआप तोडणे आणि दर थोड्या वेळाने वापराची नोंद घेणे आवश्यक असते. डेटावर आकारणी त्या मानाने न्याय्य. रेलटेलने २०२१ मध्ये रेल्वे स्थानकांवर सशुल्क वाय-फाय सुरू केले, तेव्हा पहिली ३० मिनिटे मोफत आणि पुढे दहा रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबी, असा सरळ हिशेब ठेवला होता.

दुसरा घोळ फोनच्या ओळखीचा. अनेक यंत्रणा फोनचा ‘मॅक अ‍ॅड्रेस’ लक्षात ठेवतात. पण नवे अँड्रॉइड फोन आणि आयफोन गोपनीयतेसाठी वाय-फायला खरा पत्ता न देता तात्पुरता पत्ता देतात. तो बदलला, की पैसे भरलेला ग्राहकही यंत्रणेला अनोळखी वाटतो. त्यामुळे पॅक फोनच्या नावे न ठेवता ग्राहकाच्या खात्यावर जमा असायला हवे.

तिसरा पेच यूपीआयचा. इंटरनेटसाठी पैसे भरा, पण पैसे भरायला इंटरनेट हवे! यावर उपाय दोन : पैसे भरण्यापुरती काही मिनिटे जोडणी खुली ठेवणे किंवा दुकानात रोखीने कूपन विकणे. साधा फोन वापरणाऱ्या कुटुंबासाठी आजही दुसराच सोयीचा.

मग निवड कशी करावी?

ग्रामपंचायत असो वा किराणा दुकानदार, यंत्रणा घेण्यापूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. मधेच जोडणी तुटली तर उरलेला डेटा टिकतो का? पैसे कापले गेले, पण नेट सुरू झाले नाही तर परतावा किती वेळात? ग्राहकाला त्याचा वापर दिसतो का? नोंदी कोणाकडे आणि किती काळ राहतात?

राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे लक्ष्य ठेवले होते. ते गाठता आले नाही. दुकानदाराला परवडेना, ही तक्रार खरीच होती. म्हणून ट्रायने जून २०२५ मध्ये पीडीओंसाठीच्या ब्रॉडबँड दरावर घरगुती दराच्या दुप्पट अशी मर्यादा घातली. पण स्वस्त जोडणीने दुकानदार येईल, ग्राहक येईलच असे नाही. दहा रुपयांत फसलेला माणूस तक्रार करत बसत नाही. तो पुन्हा त्या वाय-फायला जोडत नाही, एवढेच. हॉटस्पॉट मोजताना सरकारने हिशेबाच्या पारदर्शकतेचीही अट घालायला हवी, ती यासाठी.