दीड हजारात आळस विकत मिळत नाही

कापूस फुटला की चोपड्यापासून शिंदखेड्यापर्यंत बांधाबांधावर एकच तक्रार : मजूर मिळत नाही. कारणही तिच्या सोबतच तयार असतं. रेशन फुकट, वर लाडक्या बहिणीचे दीड हजार. आता कोण मरायला येतंय वेचणीला? हे बोलणं आता पारापुरतं उरलेलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याचं प्रकरण सुनावणीला असताना न्यायमूर्ती भूषण गवई यांनीही सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दाखला देऊन साधारण हेच म्हटलं, आणि आपण शेतकरी कुटुंबातले आहोत हेही सांगितलं. तेव्हा बड्यांची कुरकुर म्हणून ते झटकून टाकता येत नाही. पाच-सात एकरवाल्या कापूसवाल्याची अडचण खरीच आहे. त्यानं लावलेलं कारण तेवढं खोटं आहे.

आधी हिशेब करू. माणशी महिन्याला 5 किलो धान्य म्हणजे दिवसाला 170 ग्रॅमसुद्धा नाही. दोन भाकरी झाल्या की संपलं. दीड हजार म्हणजे रोजचे 50 रुपये. त्यात तेल, मिरची, पोराची वही आणि दवाखाना. एवढ्यावर घरी लोळता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक महिना लोळून दाखवावं.

मग बाई का येत नाही? वेचणी रोजावर नसते, किलोवर असते. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून घ्यायची आणि संध्याकाळी काट्यावर जेवढं भरेल तेवढेच पैसे घ्यायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 साली महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं; आधीच्या पाहणीत हा आकडा 48 होता. अशा बाईला दुपारी धाप लागते, ओटी अर्धीच राहते. पैसे कमी आले की घरात डाळ पातळ होते, आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी तीच असल्यामुळे तिच्या वाट्याला नुसतं पाणी येतं. पुढच्या हंगामात ती आणखी कमी वेचते. मग आपण म्हणतो, बायांना कामाची सवय राहिली नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-शिरपूरच्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांत, हे आणखी उघडं दिसतं. तिथं सिकलसेल आहे. आई आणि बाप दोघांकडून दोष आला की मूल ‘एसएस’ होतं : तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं असह्य ठणकतात. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, श्रम अती झाले की ही कळ उठते. आणि याच वस्त्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात, हंगाम संपला की परततात. पहाटेच्या गारठ्यात तोड, रात्री-अपरात्री गाडी भरायची, पाणी मिळेल तिथलं. कळ उठायला आणखी काय हवं? खानदेशातून जाणाऱ्या या टोळ्यांवर समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक जण कळ येऊन पालात पडलं की अख्खा कोयता बंद, उचल मात्र अंगावर तशीच. मुकादमाच्या वहीत त्याची नोंद ‘खाडा’. खाड्याची धास्ती माणसाला कुठवर नेते ते बीडमध्ये दिसलं : नीलम गोऱ्हे समितीपुढे 2019 साली आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

दुसरा पक्ष जरा सुशिक्षित आहे. तो म्हणतो, कामाला लावा, आरोग्य आपोआप सुधारेल. त्याच्याजवळ आकडेही आहेत : श्रमबळातला स्त्रियांचा सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 झाला. पण ही वाढ बरीचशी खेड्यातली आहे, आणि त्यात घरच्याच शेतात बिनपैशानं राबणाऱ्या बाया मोठ्या संख्येनं आहेत. नुसता सहभागच हवा असेल तर ऊसतोडीइतका कुठेच नाही. तिथं गरोदर बाईसुद्धा मोळी उचलते.

सरकारी नोकराला वर्षाला 8 किरकोळ रजा आणि 20 दिवस अर्धपगारी. ताप आला म्हणून घरी राहिलेल्या तलाठ्याला कोणी ऐतखाऊ म्हणत नाही. लाडकी बहीण मतांसाठी आली, यात मला शंका नाही. पण त्या दीड हजारांच्या आधारावर एखादी बाई तापात वेचणीला गेली नसेल, आणि काही जणी गेल्या नसतीलच, तर तिला जन्मात पहिल्यांदा आजारपणाची रजा मिळाली.

हे महाराष्ट्राला नवं नाही. 1972 च्या दुष्काळातून आलेल्या आणि 1977 च्या कायद्यानं पक्क्या झालेल्या रोजगार हमीत कामावर पिण्याचं पाणी, सावली, पाळणाघर आणि बाई-पुरुषाला एकच दर असं ठरलं होतं. पाळलं किती, हा वेगळा विषय. पण श्रम हवेत तर शरीर सांभाळावं लागतं, हे सरकारनंच लिहून दिलं होतं. तेच आता उसाच्या फडाला लागू झालं पाहिजे. सिकलसेलची तपासणी टोळ्या निघण्याआधी वस्तीवर व्हावी, आणि तिचा कागद मुकादमाच्या हाती जाऊ नये. नाहीतर ‘एसएस’ला उचलच मिळणार नाही. 2016 च्या कायद्यानं सिकलसेल दिव्यांगत्वात धरला आहे, पण बहुतेक सवलतींना 40 टक्क्यांचा दाखला लागतो, आणि कळ काही दाखल्याच्या तारखेला उठत नाही.

पैसे कुठून आणायचे? कापूसवाल्याच्या खिशातून नक्कीच नाही. त्याला हमीभावाचीच मारामार. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे 10 रुपये द्यायचे ठरले, तो रस्ता बरोबर होता. पण शिरपूरचा कोयता चालतो गुजरातेत. बारडोलीत गाळलेल्या टनाचा एक रुपयाही त्या महामंडळात येत नाही, आणि मजूरटंचाईची ओरड करणाऱ्या कुणी त्यासाठी गांधीनगरला एखादं पत्र धाडल्याचं ऐकिवात नाही.