जवानाचा काचबिंदू आणि वैद्यकीय मंडळाची एक ओळ

महागावसारख्या तालुक्यातून सैन्यात गेलेला जवान पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर गावी परततो. त्याच्या सेवामुक्तीच्या वैद्यकीय अहवालात ‘काचबिंदू’ या शब्दापुढे ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेने बळावलेलाही नाही’ एवढे लिहिले, की अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दार बंद! कारण काय, तर म्हणे प्रकृतीचाच आजार. भरतीच्या वेळी ज्याची प्रकृती नखशिखांत तपासून निर्दोष ठरविली, त्याच प्रकृतीला निरोपाच्या वेळी दोष द्यायचा, ही कोणती रीत?

काचबिंदू चोरपावलांनी येतो. बहुधा डोळ्यातील दाब वाढतो, मेंदूकडे दृष्टी नेणारी नस झिजते, नजर कडांकडून आटत जाते. बहुतेकांना वेदना होत नाहीत. गेलेली दृष्टी परतही येत नाही. डोळ्याला बसलेला मुका मार बरा झाला असे वाटते आणि कित्येक वर्षांनी त्याच डोळ्यात काचबिंदू निघतो, हे नेत्रवैद्यकाला नवे नाही. स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यानेही दाब वाढू शकतो. मार केव्हा लागला, थेंब किती दिवस दिले, याच्या नोंदी लष्करी रुग्णालयाच्या दप्तरात. पुरावा मात्र मागायचा जवानाकडे! आनुवंशिकतेने वा वयोमानाने होणारा काचबिंदूही असतो, प्रत्येक दावा ग्राह्य असतो असे नाही. पण मग मंडळाने तसे सकारण लिहावे.

नियमाची भाषाही हीच आहे. १९८२ च्या हक्क-नियमांनुसार दावेदाराने पुरावा देण्याची आवश्यकता नाही. वाजवी संशयाचा फायदा त्यालाच, आणि रणक्षेत्रातील सेवेत तो अधिक उदारपणे. सिग्नल कोअरचे शिपाई धरमवीर सिंग यांना नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या कारणाने १९९४ मध्ये घरी पाठविले गेले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती आणि मंडळाने कारणही दिले नव्हते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे न्यायासाठी एकोणीस वर्षे! मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही जवानांविरुद्धच्या अशा अपिलांवर बोट ठेवले होते.

या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, असा आक्षेप आहे. जो घेत असेल त्याला जरूर पकडावे. त्याची शिक्षा महागावच्या शिपायाला कशासाठी? सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले असले, तरी त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांचे दावे जुन्याच नियमांनी तपासले पाहिजेत.

दावा फेटाळला गेल्यास महाराष्ट्रातील जवानाला दाद मागावी लागते ती सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे, विदर्भाच्या कडेपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तेथे जाण्यापूर्वी भरतीच्या वेळचा नेत्रतपासणीचा अहवाल, सेवेतील रुग्णालयाच्या नोंदी आणि सेवामुक्ती मंडळाच्या अहवालाची पूर्ण प्रत लेखी अर्ज करून मिळवावी लागते. नजर अंधुक झालेल्या माणसाने हे अर्ज लिहायचे कसे? तालुक्यातील सुशिक्षित कुटुंबांनी आणि कार्यकर्त्यांनी पहिला अर्ज त्याच्या शेजारी बसून लिहून द्यावा.