पहारे दोन, पण बोलणे नाही!

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांपाशी राहतात, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. कोणा एकट्याच्या हाताने तिजोरी उघडली जाऊ नये, एवढाच त्या व्यवस्थेचा हेतू. त्यात कोणाच्या सचोटीविषयी संशय नसतो. उलट प्रामाणिक माणसावर नसता आळ येऊ नये, ही काळजीही त्यात असते. आता पैशाचा फार मोठा भाग लोखंडी तिजोरीतून संगणकातील नोंदींत गेला. पैसा गेला, पण त्याच्याबरोबर दोन किल्ल्यांचे शहाणपण गेले काय, हा आमचा प्रश्न आहे. गेल्या दहा वर्षांचा इतिहास पाहता त्याचे उत्तर समाधानकारक नाही.

बँकांच्या आणि मोठ्या आस्थापनांच्या संगणकव्यवस्थेत आज दोन पहारेकरी असतात. पहिला दारावर उभा असतो. आत येणारा कोण, त्याचा पासवर्ड बरोबर आहे काय, त्याला कोणत्या खोलीत जाण्याचा अधिकार आहे, हे तो पाहतो. यालाच ॲक्सेस मॅनेजमेंट म्हणतात. दुसरा आतल्या व्यवहारांवर नजर ठेवतो. ही रक्कम नेहमीची आहे काय, ही वेळ, हे ठिकाण, हा घेणारा ओळखीचा आहे काय, असे प्रश्न तो विचारतो. हे फसवणूक रोखण्याचे काम होय. दोघेही आपापल्या जागी कुशल असतील, पण त्यांचे आपसांत बोलणे नसेल तर त्या कौशल्याचा उपयोग काय? दारावरचा म्हणणार, ‘पासवर्ड बरोबर होता, मी सोडले.’ आतला म्हणणार, ‘दारावरून आलेला माणूस, मी का अडवू?’ आणि चोर या दोघांच्या मधल्या वाटेने निघून जाणार!

हे कल्पनेतले चित्र नव्हे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे प्रकरण शेअर बाजारांस कळविले. पुढे तो आकडा १३,००० कोटींच्याही वर गेला. आरोपींच्या दोषादोषाचा निवाडा न्यायालयांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. परंतु हे घडले कसे, ते आता लपून राहिलेले नाही. परदेशी देणी भागविण्याची हमीपत्रे ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेवरून परस्पर रवाना होत होती आणि बँकेच्या मुख्य खातेवहीत, म्हणजे कोअर बँकिंगमध्ये, त्यांची नोंदच होत नव्हती. दोन्ही यंत्रणा एकाच बँकेच्या, पण एकीचा दुसरीला पत्ता नव्हता. जुन्या पेढीवरच्या मुनीमाने रोजकीर्दीत न लिहिता हुंडी बाहेर जाऊ दिली असती काय? जी गोष्ट बोरू आणि शाई यांच्या जमान्यात अशक्य मानली जाई, ती कोट्यवधींच्या यंत्रांच्या साक्षीने वर्षानुवर्षे चालली!

यानंतर सहाच महिन्यांनी घाव आमच्या पुणे शहरावर पडला. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी संगणकी दरोडा पडला. तो दुसरा शनिवार होता, बँकेच्या सुटीचा दिवस! बनावट कार्डे घेऊन २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपयांच्या आसपास रक्कम उचलली गेली. देशातही काही कोटी काढले गेले. सोमवारी १३ तारखेला ‘स्विफ्ट’मार्फत सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण लूट ९४ कोटींवर. येथे घरभेद्याची गरजही लागली नाही. पैसे द्यावेत की न द्यावेत, हे विचारणारा संदेश खातेवहीपर्यंत पोहोचूच न देता मधल्या एका तोतया यंत्रणेनेच ‘द्या’ असे उत्तर दिले. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असे बँकेने सांगितले. ते दिलाशाचेच होते. परंतु बँकेचा पैसा म्हणजे अखेर सभासदांचाच पैसा ना?

तिसरे उदाहरण शेजारच्या देशातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आदेश गेले. रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. आदेशांवरील खुणा अस्सल होत्या, म्हणून दार उघडले. पाच आदेश पार पडले, त्यांतील ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाईन्सला पोहोचले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर मात्र अडले. कारण? ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते! शुद्धलेखनाने पैसा वाचविल्याचे हे उदाहरण शाळामास्तरांस सुखावणारे खरेच, परंतु राष्ट्राच्या तिजोरीची राखण चोरांच्या शुद्धलेखनावर सोपवून कोणालाही स्वस्थ झोपता येणार नाही.

या तिन्ही प्रकरणांचा धडा एकच. ओळख पटणे निराळे आणि व्यवहार खरा असणे निराळे. अधिकारपत्र अस्सल असूनही कृत्य खोटे असू शकते. आज ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने भेदरलेला एखादा निवृत्त गृहस्थ स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मोबाईलवरून, खरा ओटीपी घालून आयुष्याची पुंजी परक्या खात्यात टाकतो. दारावरच्या पहारेकऱ्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नसते. वावगे असते ते व्यवहारात. पूर्वी कधी लाखभरही एकदम न काढणारा माणूस एका दुपारी सारी मुदतठेव मोडून अनोळखी खात्यात का पाठवितो? हा प्रश्न त्याच क्षणी विचारला गेला पाहिजे आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे थांबले पाहिजेत.

म्हणूनच या दोन पहाऱ्यांची जोडणी हा केवळ तंत्रज्ञांच्या खोलीतला विषय नव्हे. कोण, कोठून, कोणत्या यंत्रावरून आत आला, हे दारावरच्याने आतल्यास कळवावे. व्यवहार संशयास्पद दिसताच आतल्याने दारावरच्यास हाक द्यावी. मग आणखी एक पुरावा मागणे, व्यवहार रोखणे, प्रसंगी प्रवेशच रद्द करणे, ही पावले तेथल्या तेथे उचलली जावीत. ही कल्पना नवी नाही. ओरॅकल या अमेरिकन कंपनीने २००७ साली ‘भरोसा’ असे आपल्या ओळखीचे नाव धारण करणारी कंपनी विकत घेतली, ती तिची फसवणूक हेरणारी यंत्रणा आपल्या प्रवेशव्यवस्थेला जोडण्यासाठीच. भरोसा विकत मिळतो, पण तो जोडावा लागतो!

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने इशारे दिले नाहीत, असे कोणी म्हणू नये. ‘स्विफ्ट’विषयीच्या सूचनांचे पालन न केल्याबद्दल २०१९ साली ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत तिने दोन पुराव्यांची अट कायम ठेवली आणि व्यवहाराचे ठिकाण, यंत्र व ग्राहकाची रीत पाहून जादा तपासणी करण्याची वाट दाखविली. अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. नियम झाले. आता प्रश्न मनाचा आहे.

आक्षेप आम्हांस माहीत आहेत. खर्च फार, असे लहान सहकारी बँका म्हणतात आणि ते खोटे नाही. पण प्रत्येकीने स्वतंत्र चूल मांडण्याऐवजी अनेकींनी मिळून एक व्यवस्था उभारावी, यासाठी तर सहकार जन्मला! दुसरा आक्षेप ग्राहकाच्या अडवणुकीचा. इस्पितळाचे बिल भरायला निघालेल्या माणसाचे पैसे यंत्राच्या शंकेने अडकून पडले तर? हे भय रास्त आहे. म्हणूनच अडविण्याचा अधिकार यंत्राला देताना सोडविण्याचा अधिकार असलेला जबाबदार माणूस रात्रंदिवस फोनवर हजर पाहिजे. तिसरा आक्षेप पाळतीचा. ग्राहकाच्या सवयींची माहिती राखणीसाठी जमवायची आणि मालविक्रीसाठी वापरायची, हा विश्वासघात होय. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे स्मरण येथे ठेवलेच पाहिजे.

बँकांच्या संचालकांकडे आमचे मागणे मोजके आहे. खातेवहीत नोंद झाल्यावाचून पैसे देण्याचा एकही संदेश बाहेर जाऊ नये. व्यवहार मांडणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही रीत कागदावर न राहता प्रत्यक्षात पाळली जावी. टेबलाच्या काचेखाली पासवर्डाची चिठ्ठी ठेवून शेजाऱ्याला ‘तूच करून टाक’ म्हणण्याची सवय मोडावी. बदली झालेल्याचे जुने अधिकार त्याच दिवशी संपावेत. आणि सुटीच्या दिवशी पहारा दुप्पट असावा, कारण चोरांच्या पंचांगात दुसरा शनिवार शुभ मानला जातो!

सभासदांसही एक सांगणे आहे. वार्षिक सभेत लाभांश किती टक्के, हे आपण मोठ्या आवाजात विचारता. त्याच आवाजात यंदा हेही विचारा: आपल्या बँकेतले हे दोन पहारे एकमेकांशी बोलतात काय? उत्तर देताना व्यासपीठावर चुळबुळ झाली, तर ती दुरुस्ती पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर टाकू देऊ नका.