ड्रिलची बॅटरी पूर्ण उतरवू नका



कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी ‘पूर्ण उतरली की मगच चार्जिंगला लावावी’, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आजच्या बहुतेक ड्रिलमध्ये तीच असते. ती वारंवार तळाला नेली, तर उलट लवकर थकते.

वाशी-नेरूळच्या सुतारांचे दुखणे वेगळेच आहे. खाडीकाठची खारी, दमट हवा पावसाळ्यात धातूच्या टोकांना गंज चढवते आणि मे महिन्यात बंद टेम्पोत राहिलेली पेटी भट्टीसारखी तापते. उष्णता हीच या बॅटरीची मोठी वैरी.

काम महिनाभर बंद राहणार असेल, तर बॅटरी अर्धी चार्ज करून यंत्रातून काढावी आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कपाटात ठेवावी. वापरून गरम झालेली बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावावी. टोके कोरड्या फडक्याने पुसण्याची पत्रलेखकांची सूचना मात्र अगदी रास्त.

फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

– एक वाचक, नेरूळ